रडारवर हिरवं, मापकात पाच इंच: सत्तरीतला दरवर्षीचा घोळ कसा सोडवायचा

जून लागला की हा प्रश्न येतोच, कुणाचा फोनवर, कुणाचा बाजारात भाजी घेताना. "दादा, रडारवर तर नुसतं हिरवं दिसत होतं, मग एवढं पाणी आलं कुठून?" आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वाळपईच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी आहे आणि तिथे मी पाऊस मोजतो, साधं हाताने मोजायचं पर्जन्यमापक, रोज सकाळी साडेआठला बाटली काढायची, ग्लासात ओतायची, वहीत आकडा लिहायचा. मग मोबाईलवर पणजीच्या रडारचं चोवीस तासांच्या बेरजेचं चित्र उघडायचं. झड लागलेल्या दिवसांत हे हमखास होतं की मापकात १२५-१३० मिमी, म्हणजे आपल्या भाषेत पाच इंच, आणि रडारच्या चित्रात आमच्या गावावरचा रंग सांगतो ५०-६०. एखाद्या दिवशी झालं तर समजू शकतो, पण दर झडीला हेच. आणि मे महिन्यात नेमकं उलटं, रडारवर लालभडक डाग आणि अंगणात चार टपोरे थेंब पडून धूळसुद्धा नीट बसत नाही.

लोक लगेच म्हणतात रडार बिघडलंय. मीही आधी असंच म्हणायचो. पण हा फरक दर वर्षी त्याच जागी, त्याच प्रकारच्या पावसात आणि त्याच दिशेने येतो, आणि बिघाड असा ठरलेल्या वेळी येत नाही. म्हणून मी कारण कसं शोधतो ते इथे सगळं लिहून ठेवतोय, थोडं लांबेल, पण ज्यांचं शेत किंवा घर पावसावर अवलंबून आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचाच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू दे. पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर रडारचा तो गोल घुमट आहे ना, त्याच्या आत अँटेना फिरते, ती साधारण १० सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी सोडते, त्याला एस-बँड म्हणतात, आणि थेंबांना आपटून जेवढं परत येतं तेवढं मोजते. म्हणजे मोजमाप होतं ते परत आलेल्या लहरीचं, पाऊस किती हे त्यावरून गणिताने काढलेलं असतं. आणि सगळी गडबड त्या गणितात शिरते कारण रडारला थेंबाच्या व्यासाचा सहावा घात दिसतो. ४ मिमीचा एक थेंब घ्या. त्यातल्या पाण्यात १ मिमीचे ६४ थेंब होतात, पाणी अगदी तेवढंच. पण रडारच्या हिशोबात त्या मोठ्या थेंबाचे ४०९६ मार्क आणि चौसष्ट बारक्यांचे मिळून फक्त ६४. म्हणजे पाणी सारखं असून एक बाजू ६४ पट जास्त चमकते, डीबीझेडमध्ये, म्हणजे रडारची चमक मोजायच्या एककात सांगायचं तर १८ चा फरक. मेमधल्या वळवाचे टपोरे थेंब आणि आषाढातली घाटातली दाट बारीक झड डोळ्यासमोर आणा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

पण रडारकडे बोट दाखवायच्या आधी स्वतःचं मापक बघायचं. हे मी सगळ्यात पहिलं सांगतो कारण मी इथेच फसलो होतो. पर्जन्यमापकाचं वरचं तोंड १०० चौरस सेंटिमीटरचं असतं किंवा २०० चं, आणि प्रत्येकाचा मोजायचा ग्लास वेगळा. माझा ग्लास फुटला, दुकानातून नवा आणला, त्याने दिला तो १०० वाल्याचा आणि माझ्या मापकाचं तोंड २०० चं. १० मिमी पाऊस पडला की २०० वाल्यात २०० मिलिलिटर जमतं, पण १०० वाल्या ग्लासात तेच पाणी २० मिमी दिसतं. जवळजवळ पूर्ण आषाढ मी दुप्पट आकडे लिहिले आणि रडार अर्धंच दाखवतंय म्हणून सगळ्यांना सांगत फिरलो. नंतर स्वयंपाकघरातलं लिटरचं माप घेऊन ताडून बघितलं तेव्हा उलगडलं, आणि त्या महिन्याची सगळी पानं लाल पेनने दुरुस्त करायला लागली. म्हणून तुम्ही आजच करा, तोंडाचा व्यास पट्टीने मोजा, ११.३ सेंटिमीटर आला तर १०० चं, १६ च्या आसपास आला तर २०० चं, आणि ग्लासावर काय छापलंय ते बघा.

त्यानंतर बाटली. २०० च्या तोंडाखाली २ लिटरची बाटली असेल तर ती १०० मिमीला भरते, पुढचं पाणी बाहेरच्या डब्यात सांडतं, तेही मोजायचं असतं हे पुष्कळांना माहीतच नसतं. सत्तरीत एका रात्रीत १०० मिमी ही काही मोठी गोष्ट नाही. मग जागा. कुळागरात पोफळी आणि माड इतके दाट की मोकळी जागा मिळणं कठीण, पण नियम साधा आहे, झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या दुप्पट लांब मापक हवं. झावळीखाली ठेवलं तर कधी पाऊस अडतो, कधी झावळीची धार थेट तोंडात पडते, दोन्हीकडून आकडा खोटा. शाळेत किंवा पंचायतीवर आपोआप मोजणारं यंत्र असेल, आत दोन छोट्या वाट्या आलटून पालटून उलटतात ते, तर गाळणीत पान अडकलंय का बघा, आणि लक्षात ठेवा की जोरदार सरीत वाटी उलटत असताना मधलं थोडं पाणी मोजलंच जात नाही, त्यामुळे ते यंत्र अशा वेळी कमीच सांगतं. वाऱ्यातसुद्धा प्रत्येक मापक थोडं कमी पकडतं. म्हणजे मापक चुकलं तर बहुतेक वेळा कमीच्या बाजूला चुकतं, चुकीचा ग्लास आणि झावळीची धार सोडून.

मापक ठीक निघालं की घड्याळ. यात निम्म्या तक्रारी संपतात, खरंच. हवामान खात्याचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असा असतो, कारण तेव्हा जागतिक वेळेत ३:०० वाजलेले असतात. रडारच्या चित्रावर बऱ्याचदा वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे त्याच जागतिक वेळेत छापलेली असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. आता कुणी रात्री १२ ते १२ मोजतो, कुणी उठल्यावर सहाला, कुणी दुपारी आठवण आली की, आणि मग म्हणतो रडार जुळत नाही. रात्री २ ते ५ कोसळणारा पाऊस असेल तर अशा हिशोबात एका दिवसाचं पाणी सरळ दुसऱ्या दिवसात जाऊन पडतं. म्हणून ८:३० म्हणजे ८:३०, आमच्या घरी त्या वेळी कुणाचा फोन आला तरी बाटली आधी.

पुढचा गोंधळ चित्रांचा. व्हॉट्सअॅपवर जे फिरतं ते जवळजवळ नेहमी मॅक्स-झेड असतं. त्यात प्रत्येक ठिकाणी खालपासून वरपर्यंत जिथे सगळ्यात जास्त चमक आहे ती घेतलेली असते, मग ती ६ किलोमीटर वर का असेना. म्हणजे लाल रंग दिसला याचा अर्थ ढगात कुठेतरी जोर आहे, तो जमिनीवर पडतोच असं नाही. कडेला जे पट्टे असतात त्यात उंची दिसते, ते बघायची सवय लावा, लाल फक्त वरच लटकलेलं असेल तर जमिनीवर अजून काही पडत नसेल. पावसाचा अंदाज घ्यायचा तर एसआरआय बघायचं, ते ठराविक उंचीच्या थरातून काढलेली तासाला किती मिमी ही तीव्रता असते, आणि दिवसाची बेरीज हवी तर पीएसी. आणि तीव्रता म्हणजे बेरीज नव्हे, ४० मिमी ताशी असा रंग दहा मिनिटं राहिला तर हातात साडेसहा-सात मिमीच येतात.

आता गणित, कारण इथेच सत्तरीचा खरा मुद्दा आहे. चमकेला झेड म्हणतात, पावसाच्या तीव्रतेला आर. १९४८ साली मार्शल आणि पामर यांनी मांडलेलं समीकरण अजूनही जगभर वापरतात, झेड बरोबर २०० गुणिले आरचा १.६ घात. अमेरिकेत वादळी पावसाला ३०० आणि १.४ वापरतात, आणि उष्ण कटिबंधातल्या, समुद्रावरून आलेल्या दमट पावसाला २५० आणि १.२. आकडे बघून कंटाळू नका, फरक बघा. ३० डीबीझेडला मार्शल-पामर सांगतं ताशी २.७ मिमी, उष्ण कटिबंधाचं समीकरण सांगतं ३.२, म्हणजे जवळपास सारखंच. ४० डीबीझेडला एक सांगतं ११.५ आणि दुसरं २१.६. आणि ४५ ला एक सांगतं २४, दुसरं ५६! चित्र तेच, रंग तोच, मधली ओळ बदलली की पाऊस दुप्पटीच्या वर. म्हणून रडार पाऊस कमी दाखवतं असं म्हणताना नेमकं काय चुकतंय ते बघा, लहर बरोबर परत आली असेल पण ती ज्या समीकरणातून पाऊस होऊन बाहेर पडली ते समीकरण आपल्या पावसाचं नसेल. आपल्याकडे एकाच मोसमात तीन पाऊस पडतात, मेचा वळीव, मृगानंतरची झड, आणि परतीचा गडगडाटी पाऊस, आणि तिघांचे थेंब वेगळे. एक समीकरण तिघांना पुरणार कसं?

आणि यात यंत्राची स्वतःची चूक मिसळली तर? समजा रडारच्या मोजणीत ३ डीबीची चूक राहिली, कानाला लहान वाटते, पण मार्शल-पामरच्या हिशोबात पाऊस खऱ्याच्या ६५ टक्केच दिसेल. पणजीतच मुसळधार कोसळत असेल तर घुमटावर पाण्याचा थर चढतो आणि सगळं चित्रच थोडं फिकं पडतं. एस-बँडला हा फटका कमी बसतो, लहान तरंगलांबीच्या एक्स-बँड रडारला खूप जास्त, त्याला तर जोराच्या सरीमागचा पाऊस दिसेनासा होतो. ओळखायचं कसं, तर असा फिकेपणा सगळ्या दिशांना एकसारखा असतो. फक्त घाटाकडेच कमी आणि म्हापसा-मडगावला बरोबर, असं असेल तर कारण दुसरं.

ते दुसरं कारण म्हणजे घाट. इथे जरा थांबून वाचा.

वाळपई आल्तिनोपासून सरळ रेषेत ३३-३४ किलोमीटर, काही लांब नाही. अर्ध्या अंशाच्या कोनात लहर सोडली तर ३५ किलोमीटरवर तिचा मध्य रडारच्या वर साधारण ३८० मीटर असतो, आणि लहर १ अंश रुंद धरली तर तिथे तिची जाडी ६०० मीटर होते. सपाट प्रदेश असता तर याहून चांगलं काय हवं. पण पुढे सह्याद्री उभा आहे, चोर्ला घाटाचा माथा ८०० मीटरच्या आसपास, म्हणजे खालची लहर सरळ डोंगरात घुसते. जिथे डोंगर अडवतो तिथे वरच्या कोनातली लहर वापरावी लागते, आणि दीड अंशावर गेलं की त्याच ३५ किलोमीटरवर ती १ किलोमीटर उंच जाते. अर्धी अडली तर अर्धीच शक्ती पुढे जाते आणि मागचा पाऊस फिका दिसतो. बेरजेच्या चित्रात पणजीपासून पूर्वेकडे जाणाऱ्या फिक्या पाचरी दिसतात का बघा, कलिंगडाच्या फोडीसारख्या, दर दिवशी त्याच जागी असतील तर डोंगराची सावली समजा, पाऊस रोज एकाच रेषेत कमी पडत नसतो.

आणि घाटात पाऊस तयार होतो कुठे? जुलैत स्कूटरवरून चोर्ला चढला असाल तर आठवा, पायथ्याचं केरी गाव सोडलं की धुकं अंगावर येतं, हेल्मेटच्या काचेवर बारीक थेंबांचा थर, पुसला की पुन्हा, पाऊस पडतोय असं म्हणावं तर थेंब दिसत नाही आणि दहा मिनिटांत रेनकोटच्या आत शर्ट ओला. समुद्रावरची दमट हवा उतारावर चढते, थंड होते, खालीच ढग धरते. वरून पडणारे थेंब या खालच्या ढगातून येताना वाटेत बारीक तुषार गोळा करत मोठे होतात, शेवटच्या एक किलोमीटरमध्ये पाऊस वाढतो. रडार त्याच्या वरून बघतंय. त्याला जो पाऊस दिसला तो अजून पूर्ण झालेलाच नाही. त्यात थेंब बारीक, त्यात समीकरण टपोऱ्या थेंबांचं. तिन्ही गोष्टी एकाच बाजूला ओढतात, म्हणून आमच्याकडे दर झडीला रडार कमीच सांगतं, जास्त कधीच नाही. वाळपई आणि सांगे ही गोव्यात सर्वात जास्त पाऊस नोंदवणाऱ्या ठिकाणांत येतात आणि नेमकी तीच रडारला सगळ्यात अवघड, हे मला खरंच बोचतं, कारण पूर इथूनच खाली उतरतो.

मेमधलं उलटं चित्र आता सोपं आहे. ढग उंच, थेंब मोठे, कधी गारा, आणि गारा रडारला भयंकर चमकतात, म्हणून काही ठिकाणी ५३ डीबीझेडच्या वरची चमक पावसात धरतच नाहीत. शिवाय खालची हवा कोरडी, पाऊस पडता पडता वाटेतच सुकतो. हा दोष रडारवर लादू नये, ढगात पाणी होतं, जमिनीपर्यंत पोचलं नाही एवढंच. वितळणाऱ्या बर्फाच्या थरामुळे जो खोटा चमकदार पट्टा येतो त्याबद्दलही विचारतात, पण पावसाळ्यात आपल्याकडे तो थर ५ किलोमीटरच्या आसपास असतो, गोव्याच्या हद्दीत खालची लहर तिथपर्यंत जातच नाही, तो प्रश्न लांबच्या जिल्ह्यांचा.

पेडणे आणि काणकोणवाल्यांची तक्रार मात्र निराळी असते, तिथे कधी कधी पाऊस चालू असताना चित्रात भोक पडतं. मला हे कळायला बराच वेळ लागला. डोंगर, इमारती, टॉवर हे हलत नाहीत, म्हणून त्यांची लहर काढायला फिल्टर असतो जो शून्य वेगाचं सगळं कापतो. पण डॉपलर रडारला वेग कळतो तो फक्त जवळ येण्याचा किंवा लांब जाण्याचा. आडवा जाणारा पाऊस त्याला उभाच वाटतो. मोसमी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, मग पणजीच्या उत्तरेला पेडण्याकडे आणि दक्षिणेला जरा पूर्वेकडे सरकून काणकोणकडे तो रडारला आडवा जातो, आणि फिल्टर थोडा खरा पाऊससुद्धा कापून टाकतो. वेगाचं चित्र उघडा, पीपीआय-व्ही, एका बाजूला येणारा वारा, दुसऱ्या बाजूला जाणारा, आणि मधून शून्याची रेघ जाते. भोक त्या रेघेवरच असेल तर कारण सापडलं.

खोटा पाऊस कसा ओळखायचा तेही सांगतो. हिवाळ्यात पहाटे किंवा मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी आकाश स्वच्छ असताना समुद्रावर डाग दिसतात. खाली गार दमट हवा आणि वर गरम कोरडी असली की लहर वाकून पाण्यावर आपटते. लाटा हलत असल्याने फिल्टरला त्या पूर्ण कापता येत नाहीत. तीन-चार चित्रं ओळीने बघा, डाग पुढे सरकत नाही, जागच्या जागी लुकलुकतो, आणि वरच्या कोनात गायब होतो, उपग्रहाच्या चित्रातही ढग नाही. सूर्य उगवताना-मावळताना सूर्याच्या दिशेला एक बारीक सरळ रेघ येते, ती सूर्याचीच, घाबरू नका.

एक कारण वेळेचं पण आहे. रडारची सगळ्या कोनांतली एक पूर्ण फेरी व्हायला साधारण १० मिनिटं लागतात. वारा सेकंदाला १५ मीटर असेल तर तेवढ्यात सर ९ किलोमीटर पुढे जाते, मधल्या गावावर ती केव्हा पडली ते रडारने पाहिलंच नाही, म्हणून बेरजेच्या चित्रात कधी ठिपके-ठिपके उमटतात. आणि १ मिमीचा थेंब सेकंदाला ४ मीटरने पडतो, १ किलोमीटरवरून खाली यायला चार मिनिटं, तोवर तोच वारा त्याला साडेतीन-पावणेचार किलोमीटर पूर्वेला नेतो. म्हणजे रडारने वाळपईवर पाहिलेला पाऊस वाळपईत पडतोच असं नाही! म्हणून आपल्या गावावरचा एकच चौकोन कधी धरायचा नाही, आजूबाजूचे आठ धरून सरासरी बघायची. तसंही मापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर आणि रडारचा एक चौकोन १ चौरस किलोमीटर धरला तर तो ५ कोटी पट मोठा, दोघांचा आकडा तंतोतंत जुळला तर मला उलट आश्चर्य वाटेल.

मग उपाय काय? वही. तारीख, मापकाचा आकडा, रडारच्या चोवीस तासांच्या बेरजेचा आकडा आणि पावसाचा प्रकार, झड की गडगडाट, एवढे चार रकाने. प्रकार वेगळे ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं, ते एकत्र केले की सगळं वाया. झडीचे निदान दहा-बारा दिवस जमले की मापकाची एकूण बेरीज भागिले रडारची एकूण बेरीज. समजा मापकात ६२० मिमी आणि रडारवर ३१०, तर गुणक २. पुढच्या झडीत रडार ४० म्हणालं तर मी ८० च्या आसपास धरतो. रोजचा गुणक काढून त्यांची सरासरी करू नका, कारण एखाद्या दिवशी मापकात १ मिमी आणि रडारवर ०.२ असेल तर त्याचा गुणक ५ येतो आणि तो एक फुसका दिवस सगळा हिशोब बिघडवतो. वळवाच्या पावसाचा गुणक वेगळा काढा, तो १ च्या खालीही येईल. आणि हा गुणक तुमच्याच जागेचा, केरीचा गुणक साखळीला लावायचा नाही, डोंगराची सावली वेगळी, उतार वेगळा. दोन-तीन गावांत अशा वह्या असतील तर फार बरं होईल, मी आमच्या इथल्या दोघांना तयार केलंय, एकाने तर जुन्या मापकाला नवी गाळणी बसवून घेतली.

शेवटचं, आणि हे मनापासून. २३ जुलै २०२१ ला घाटात पडलेल्या पावसाने म्हादई नदीला पूर आला, सत्तरी-डिचोलीत घरं पडली, १९८२ नंतरचा सगळ्यात वाईट पूर असं तेव्हा मुख्यमंत्र्यांनी सांगितलं होतं. वाळवंटी नदी चढली की साखळीच्या बाजारात पाणी येतं हे तिथल्या प्रत्येक दुकानदाराला माहीत आहे. रात्री मोबाईलवर हिरवं बघून झोपू नका. झड सुरू असेल, वारा पश्चिमेचा असेल आणि हिरवा पट्टा घाटाला चिकटून तासन् तास हलतच नसेल, तर तो हिरवा रंग मी पिवळा समजून चालतो, आणि त्यात पिवळे ठिपके दिसायला लागले तर लाल. खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ११५.६ मिमीच्या वर अतिजोरदार आणि २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार, पण हे आकडे सकाळी कळतात. म्हणून अशा रात्री मी अकरा वाजता टॉर्च घेऊन मापकाकडे जातो, बाटली मोजून वहीत आकडा लिहितो, दोनला पुन्हा, आणि सकाळी साडेआठला तिन्ही आकड्यांची बेरीज करून दिवसाचा पाऊस लिहितो. तीन तासांत ६० च्या पुढे गेलं तर खाली ओढ्याकाठी राहणाऱ्या काकींना फोन करतो, त्या गुरं सोडून वरच्या गोठ्यात आणतात.